छोट्या विमानात पेट्रोल भरताना

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने पेट्रोलवर बोलावे, हे काही जणांना जरा आगाऊपणाचे वाटेल. वाटू द्या. सोलापूर जिल्ह्यातल्या एका उघड्या माळावर गेली बारा-तेरा वर्षे मी रविवारी विद्यार्थ्यांबरोबर छोटी विमाने उडवितो. छोटी म्हणजे तळहातावर मावणारी नव्हेत. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-सव्वादोन मीटर, नाकाशी पस्तीस सीसीचे पेट्रोल इंजिन, पोटात अर्ध्या लिटरची टाकी. विमान वर गेले की रस्त्याने जाणारी माणसे थांबतात. मुले विचारतात, "किती उंच जातं?" मोठी माणसे विचारतात, "केवढ्याला पडलं?" त्यात पेट्रोल कसे भरता, हे मात्र आजवर मला कुणीही विचारलेले नाही. आणि मला सांगायचे आहे ते नेमके तेवढेच.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे ते काय? स्कूटरमध्ये आपण पेट्रोल भरतोच की. भरतो, पण कुठे? पंपावर. तिथली मोठी टाकी जमिनीखाली पुरलेली असते, भरण्याच्या नळीतून वीज जमिनीत उतरावी अशी सोय केलेली असते, वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात आणि "इंजिन बंद करा" म्हणून ओरडणारा एक माणूस उभा असतो. आपल्या वतीने कुणीतरी आधीच विचार करून ठेवलेला असतो. माळावर तो विचार करणारा कुणी नसतो. तिथे पंपही आपण, टाकीही आपली आणि ओरडणारा माणूसही आपणच. बहुधा ओरडायचे तेवढे राहून जाते.

थोडे मागे जातो. खोडच आहे ती माझी. छोट्या विमानाला पेट्रोल इंजिन बसविण्याचा खटाटोप जुनाच. पण तो सर्वसाधारण मुलांच्या आवाक्यात आला १९३४ च्या सुमारास. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन याने त्या वर्षी 'ब्राउन ज्युनिअर' नावाचे चिमुकले इंजिन विकायला काढले. त्याला मोटारीसारखाच स्पार्क प्लग होता. पण प्लगमध्ये ठिणगी पडावी म्हणून कॉइल, कंडेन्सर आणि बॅटऱ्या, एवढे सारे लटांबर बिचाऱ्या विमानाला पाठीवर वाहावे लागे. मग १९४७ साली रे आर्डन याने ग्लो प्लग बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची. इंजिन एकदा धरले की सेल काढून घ्यायचा, तार आपली आपण तापलेली राहते. कॉइल गेली, बॅटऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर पेट्रोलही गेले, कारण ग्लो प्लगला मेथनॉल लागते. पुढे कित्येक वर्षे या छंदात मेथनॉल आणि एरंडेलाचेच राज्य होते. पेट्रोल परत आले ते झाडे तोडण्याच्या करवतीच्या आणि गवत कापण्याच्या यंत्रांच्या इंजिनांबरोबर. ही इंजिने जरा जड, पण दणकट. आणि इंधन कोपऱ्यावरच्या पंपावर मिळणारे. त्यात टू-स्ट्रोकचे तेल मिसळले की काम झाले.

हा इतिहास सांगायचे कारण असे की इंधन बदलले, माणसांच्या सवयी मात्र बदलल्या नाहीत. माझेच पाहा. पुण्यात शिकत असताना, १९९८-९९ साली, मी एन.सी.सी.च्या हवाई विभागात होतो. तारेला बांधलेले विमान आम्ही स्वतःभोवती गरगर फिरवीत असू. त्यातल्या छोट्या डिझेल इंजिनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण जाई. ईथर काही पेट्रोलपेक्षा गरीब नव्हे; पण आमची टाकी पळीभर, आणि ती आम्ही इंजेक्शनच्या पिचकारीने भरीत असू. पुढे मेथनॉलची विमाने हाताशी आली. या मंडळींत एक लाकडी पेटी बाळगण्याची पद्धत आहे. तिच्यात एका कप्प्यात इंधनाचा डबा, शेजारी वीजेवर चालणारा इवलासा पंप, खाली बारा व्होल्टची बॅटरी, वर पाने-पकडी. आटोपशीर काम. अशी पेटी मी स्वतः सागवानी फळ्यांची केली होती आणि तिचा मला अभिमान होता. मेथनॉल गेले, पेट्रोल आले. पेटी तीच राहिली.

आता पेट्रोल म्हणजे काय चीज आहे ते पाहू. पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे पेटते ती त्याची वाफ. आणि वाफ व्हायला त्याला उन्हाची वाट पाहावी लागत नाही. शून्याखाली चाळीस अंश थंडीतही पेटण्याजोगी वाफ त्यातून निघते. मग सोलापूरच्या माळावर ती निघते की नाही, हे विचारायलाच नको. दर शंभर भाग हवेत दीड ते साडेसात भाग वाफ असली, की एक ठिणगी पुरते. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीचौपटीने जड असते. ती वर जात नाही, खाली उतरते. पाण्यासारखी सखल जागा शोधते. खड्ड्यात साचते, गवतातून सरपटते, मोटारीच्या डिकीत बसते, आणि पेटी असली तर पेटीत भरते. मेथनॉलही साधुपुरुष नव्हे. दिवसाउजेडी त्याची ज्वाळा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण त्याची वाफ जवळजवळ हवेइतकीच हलकी. ती पेट्रोलसारखी तळाशी दबा धरून बसत नाही. म्हणून त्या पेटीने मेथनॉलच्या दिवसांत आम्हाला सांभाळून घेतले.

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळ होत आली होती. दुसऱ्या वर्षाला असलेला माझा एक विद्यार्थी टाकी भरत होता. वारा धूळ उडवीत होता म्हणून पेटीचे झाकण अर्धे लोटलेले. टाकी भरली की जास्तीचे पेट्रोल बाहेर यावे म्हणून विमानाला एक नळी असते. तिचे टोक आम्ही पेटीतच सोडले होते. सांडायला नको, एवढाच हेतू. टाकी भरली, नळीतून थोडे पेट्रोल पेटीच्या तळाशी ठिबकले. दोन-तीन चमचे असेल. मी म्हटले, "आवर रे, उजेड जातोय." त्याने घाईने बॅटरीवरची पंपाची क्लिप ओढली. क्लिप सुटताना बारीकशी ठिणगी पडते, ती तुम्ही स्कूटरच्या बॅटरीवरही पाहिली असेल. "भक्" असा आवाज झाला. स्फोट नव्हे, कुणीतरी जोराने फुंकर घालावी तसा. पेटीतून माणूसभर उंच जाळ उठला.

पुढचे सांगताना आजही जड जाते. माझा हात आधी विमानाकडे गेला. मुलाकडे नाही. वर्षभर खपून केलेले विमान मी शेपटीला धरून मागे ओढले, आणि मग वळून पाहिले. दुसऱ्या एका मुलाने तोवर त्याला बाजूला खेचले होते आणि तो ओंजळी-ओंजळीने माती टाकीत होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. प्यायला आणलेले सगळे पाणी आम्ही त्या हातावर ओतले आणि दवाखाना गाठला. तीन आठवड्यांनी हात बरा झाला, डाग राहिला. विमान शाबूत होते. ते मी पुढे वर्षभर उडवले नाही.

दवाखान्यात त्याची आई आली. मला वाटले होते त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही तिथंच होतात ना?" मी म्हटले, "हो, होतो." त्यावर त्याही काही बोलल्या नाहीत, आणि मीही.

तेव्हापासून आमची रीत बदलली. पेटीतून बॅटरी गेली. वीजेचा पंपही गेला, कारण साध्या मोटारीत कार्बन घासून आत सारख्या ठिणग्या पडतच असतात. हाताने फिरवायचा पंप काय वाईट आहे? अर्धा लिटर भरायला मिनिट-दीड मिनिट जास्त लागते, तेवढेच. डबा पेटीत नसतो, जमिनीवर असतो. मोटारीत किंवा मोटारसायकलच्या सीटवर ठेवून कधीही भरायचे नाही. माळावर एका जागी आम्ही फक्कीने वर्तुळ आखतो. पेट्रोल त्या वर्तुळातच भरायचे आणि इंजिन तिथे सुरू करायचे नाही. सुरू करण्याची जागा तिथून वीस पावलांवर, आणि तीही वारा येतो त्या अंगाला. म्हणजे वाफ वाऱ्याबरोबर इंजिनापासून दूर जाते, इंजिनाकडे येत नाही. जास्तीच्या पेट्रोलची नळी आता एका धातूच्या बाटलीत सोडलेली असते आणि बाटली भरली की तिचे झाकण लागते. गवतावर ओतून देणे नाही. डिसेंबरानंतर आमच्या माळावरचे गवत म्हणजे नुसती वातच.

विमान उतरले की पेट्रोल भरण्याची घाई होते. ही घाईच वाईट. सायलेन्सर चटका देण्याइतका तापलेला असतो, आणि त्याच्यापासून चार बोटांवर पेट्रोल आत जाण्याची नळी. आम्ही दहा मिनिटे थांबतो. तेवढ्या वेळात कुणीतरी डबा उघडून चिवडा फिरवतो, हा त्यातला फायदा. थांबताना दोन बटणे बंद करून घ्यायची : ठिणगीचे आणि रेडिओचे. विमानाच्या पोटात सुकाणू हलविणाऱ्या ज्या लहान मोटरी असतात, त्याही ठिणग्या पाडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काही इंजिनांत ठिणगी बॅटरीने पडत नाही, पंखा फिरल्यावर आपोआप पडते. तिथे भरताना पंख्याला हात लावायचा नाही.

नळ्यांबद्दल एक सांगतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. मेथनॉलसाठी सिलिकॉनची मऊ नळी वापरतात. ती पेट्रोलमध्ये फुगते, लिबलिबीत होते आणि एक दिवस टाकीवरून आपोआप निसटते. निसटते ती विमानाच्या पोटात, जिथे रेडिओ आणि त्याची बॅटरी असते. बाहेरून सारे ठीक दिसते. पेट्रोलला चालणारी म्हणून विकतात तीच नळी घ्या. आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यालाही ती टिकते ना, हे दुकानदाराला विचारा, आणि दर मोसमात बदला. तेवढ्यावरही विसंबू नका. आम्ही टाकी भरली की पोटाचे झाकण काढून वास घेतो. वास आला तर बटण लावायचे नाही. झाकण उघडे ठेवून विमान वाऱ्याला धरायचे, आणि नळी कुठे सुटली ते शोधायचे. नाक हे फार स्वस्त आणि फार चांगले यंत्र आहे.

आता त्या न दिसणाऱ्या ठिणगीबद्दल. थंडीत रात्री अंधारात नायलॉनचा किंवा ॲक्रिलिकचा स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज येतो, बारीक निळसर ठिणग्या दिसतात. कोकणातल्या दमट हवेत हा चमत्कार क्वचित. आमच्याकडे कोरड्या हवेत रोजचा. पेट्रोलची वाफ पेटवायला किती ऊर्जा लागते? एका मिलिज्यूलचा चौथा भाग. दाराच्या कडीला हात लावताच बोटाला जी टोचणी बसते, तिच्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. तशीच वीज पेट्रोल बारीक नळीतून वाहतानाही साठते, आणि प्लास्टिकच्या डब्यात तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून डबा धातूचा. डब्यापासून विमानाच्या भरण्याच्या पितळी नळीपर्यंत एक तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिमटे. तार आधी जोडायची, डबा मग उघडायचा. भरून झाले की डबा आधी बंद करायचा, तार मग काढायची. हा क्रम उलटा करू नका, कारण चिमटा लावताना किंवा काढताना ठिणगी पडलीच, तर तिथे वाफ नसावी एवढ्यासाठीच तो आहे. आणि पंप सावकाश फिरवायचा. वेगाने वाहणारे पेट्रोल जास्त वीज गोळा करते.

धातूच्या डब्याचा आग्रह माझा एकट्याचा नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्यावाचून बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिकची पाण्याची बाटली त्यात कुठेच बसत नाही. तरी ती आपण सर्रास वापरतो, आणि तिचा धोका आगीपुरताच नाही. तेल मिसळलेले पेट्रोल एखाद्या सरबतासारखे रंगीत दिसते. उन्हातून आलेला मुलगा बाटली उचलून तोंडाला लावतो. तसे झालेच तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना पेट्रोल फुफ्फुसात उतरते, आणि खरी हानी तिथेच होते. सरळ दवाखाना. स्कूटरच्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणाऱ्यांनाही हेच लागू. आपल्याकडे हा एक जुना, लोकमान्य मूर्खपणा आहे.

डबा काठोकाठ भरू नका. एक लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर चहाचे चार चमचे वाढते, आणि त्याला जागा लागते. उन्हात राहिलेला डबा उघडताना तोंड बाजूला ठेवून बूच हळूहळू फिरवा. फुस्स आवाज संपू द्या. बंद मोटारीच्या डिकीत तर तो दुपारभर ठेवूच नका.

एवढे करूनही पेट घेतलाच, तर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. कोरड्या पुडीचे अग्निशामक नळकांडे, नाही तर माती, नाही तर ओले गोणपाट. आमच्या वर्तुळाबाहेर हे तिन्ही असतात. जळता डबा उचलून पळू नका. आणि विमान जळत असेल तर जळू द्या. कपड्यांवर पेट्रोल सांडले असेल तर ते आधी ओले करा, मग काढा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी; तूप नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको.

तो विद्यार्थी आता नोकरीला आहे, पण रविवारी येतो. पेट्रोलचा डबा आणि तार त्याच्याच ताब्यात असतात. मागल्या जानेवारीत सकाळी कडाक्याची थंडी होती. मी स्वेटर काढून हातावर टाकत थेट वर्तुळाकडे निघालो होतो. त्याने लांबूनच हात वर केला.

"सर, तिथंच थांबा. स्वेटर गाडीत ठेवून या. आणि आत यायच्या आधी जमिनीला हात लावा."

मी मागे फिरलो, स्वेटर ठेवला, वाकून जमिनीला हात लावला. मग त्याने डब्याचे बूच उघडले.